बाईंची करंगळी

१

पेटी उघडली तेव्हा आत व्हायोलिन नव्हतं. लाल मखमलीत व्हायोलिनच्या आकाराचा खळगा तेवढा होता, आणि त्या खळग्यात बाई हनुवटीखाली धरायच्या त्या पांढऱ्या कापडाची घडी. गजही नव्हता.

"बाईच घेऊन गेल्या," चेलोवाला म्हणाला. तो स्वभावाने थट्टेखोर आणि अंगाने गोल, म्हणून सगळे त्याला भोपळा म्हणत. एरवी त्याच्या थट्टेला खोलीभर हशा व्हायचा. आज कुणी हसलं नाही, आणि खरं सांगायचं तर तोही हसला नव्हता.

बाईंना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. शहरातल्या ज्या कुणी म्हणून व्हायोलिन हातात धरलं, त्याने ते पहिल्यांदा बाईंच्या नजरेखाली, आधी त्यांच्या घरी आणि मग या जिन्यावरच्या खोलीत, धरलं होतं. आज संध्याकाळी त्यांच्या आठवणीत सभागृहात त्यांच्या चौकडीचा, चौघांच्या वाद्यमेळाचा, कार्यक्रम होता. चौकडीत आता तिघंच उरले होते. बाईंची खुर्ची, म्हणजे पहिल्या व्हायोलिनची, स्टेजवर रिकामी राहायची होती आणि तिच्यावर त्यांचं वाद्य ठेवायचं होतं. कार्यक्रम संपला की संगीत मंडळाचे सचिव ते वाद्य सभागृहाच्या दालनात, काचेच्या कपाटात, कायमचं ठेवणार होते. काचेचं कपाट येऊन पडलं होतं. सचिव रोज एकदा जाऊन ते पुसून यायचे.

"काल तालमीनंतर माझ्या डोळ्यांदेखत वाद्य या लाकडी कपाटात गेलं," सचिव म्हणाले. त्यांचा आवाज चिरकत होता. "कुलूप कुणी लावलं?"

"मी," दुसरा म्हणाला.

याला सगळे दुसरा म्हणत, कारण आयुष्यभर तो बाईंच्या शेजारी बसून दुसरं व्हायोलिन वाजवत आला होता. त्याची बायकोही, जी याच चौकडीत व्हायोला, म्हणजे जरा मोठं, जाड आवाजाचं व्हायोलिन, वाजवायची, त्याला दुसराच म्हणायची. वर "पहिला कोण होता ते विचारू नका" असंही सांगायची.

"किल्ल्या किती?"

"एकच."

"कुठाय ती?"

दुसऱ्याने खिशात हात घातला आणि किल्ली काढून सगळ्यांसमोर तळहातावर धरली.

पुढे काही बोलायला नकोच होतं, पण सचिव बोलले. "मंडळाच्या बैठकीत कोण म्हणालं होतं, वाजवायचं वाद्य काचेत ठेवणं म्हणजे जिवंत माणसाला पुरणं? कोण म्हणालं होतं, मी हे होऊ देणार नाही?"

"मीच म्हणालो होतो. अजूनही म्हणतो."

"मग ऐका. संध्याकाळी वाद्य खुर्चीवर दिसलं नाही, तर तुमचं नाव घेऊन मी स्टेजवरून सांगेन. आणि उद्यापासून हा वर्ग बंद. बाईंच्या जागेवर चोर बसवायचा नाहीये मला."

बाईंनी हा वर्ग दुसऱ्याच्या ओटीत टाकला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं. किल्ली त्याच्या तळहातावर तशीच होती.

खिडकीशी बाईंची मुलगी होती. तिचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान, म्हणून ती चष्मेवाली. "भांडू नका ना," ती म्हणाली. "आईच्या खोलीत नको."

दुसऱ्याची बायको जिन्यात गेली आणि तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. "ताई, असशील तशी ये. ह्यांच्यावर चोरीचा आळ आलाय."

२

ताई गुन्हे शाखेतून निवृत्त झाल्या त्याला बरेच दिवस झाले होते, पण चालणं अजून तसंच होतं. खोलीत त्या अशा शिरल्या की सचिवांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

या खोलीत त्या पहिल्यांदा येत होत्या, पण बाईंची त्यांची ओळख जुनी होती. लहानपणी आईने दोघी बहिणींना बाईंच्या घरी शिकायला घातलं होतं. धाकटी राहिली. थोरलीला बाईंनी पंधरवड्यात परत पाठवलं. "पोरी, तुला कान नाहीत, डोळे आहेत. जा, डोळ्यांचं काहीतरी कर." ताईंनी पुढे तेच केलं. आजही त्यांना रेल्वेची शिट्टी आणि व्हायोलिन यातला फरक सांगता यायचा नाही, पण कुणाच्या बुटाची नाडी कुणी बांधली हे सांगता यायचं.

त्यांनी धाकटीला आणि मेहुण्याला समोर बसवलं.

"घेतलंत का हो तुम्ही?"

"ताई, घेतलं असतं तर वाजवलं असतं. आणि वाजवलं असतं तर तुम्हीसुद्धा ऐकलं असतं."

"मी ऐकलं असतं, मला कळलं नसतं," ताई म्हणाल्या. "किल्ली रात्री कुठे होती?"

"उशाशी."

"मी बघितली," धाकटी म्हणाली. "ताई, ह्यांना मुंगी मारायला सांगितली तर तिची माफी मागतील. सगळ्यांत जुने शिष्य आहेत हे. बाईंच्या घरी वर्ग होता तेव्हापासून, रोजचा पहिला तास ह्यांचा. बाईंच्या वाद्याला हात लावायची छाती नाही ह्यांची."

बोलता बोलता धाकटीने ताईंचा हात धरला. लहानपणापासूनची सवय. तिच्या डाव्या हाताची चारी बोटं ताईंच्या मनगटाला खरखरीत लागली. तारा दाबून दाबून पडलेले घट्टे. करंगळीवरही होता, बारीकसा. ताईंनी सवयीने दुसऱ्याच्या हाताकडेही पाहिलं. त्याचंही तसंच.

"आणखी काय आहे?" त्यांनी विचारलं. "तुम्ही दोघं काहीतरी गिळताय."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"खालच्या शिवणवालीला विचार," धाकटी हळूच म्हणाली. "आम्ही सांगितलं तर हसशील."

शिवणवालीचं दुकान बरोबर वर्गाखाली होतं. ताई गेल्या तेव्हा ती एका कोटाचं अस्तर उसवत होती. उसवताना तिने एकदाही वर पाहिलं नाही.

"बाई वाजवतात," ती म्हणाली. "रोज नाही, पण बहुतेक. दिवेलागणीला, पोरं घरी गेली की. वर दिवा नसतो. आधी एकच सूर लांब येतो, मग हळूहळू वर चढतो. मी वीस वर्षं या छताखाली शिवतेय, मला बाईंचं वाजवणं कळत नाही होय?"

"वर जाऊन बघितलंत कधी?"

"एकदा गेले. दार आतून बंद. ठोठावणार होते, पण त्याआधीच थांबलं. रोज तिथेच थांबतं. चढत चढत एका लांब सुरावर जातं, आणि मधेच तुटतं. तोंडातला शब्द तोंडात राहावा तसं." तिने दोरा दाताने तोडला. "त्यानंतर मी गेले नाही. पुरं ऐकवायचं असेल तर खाली येतील म्हटलं."

ताई वर आल्या. "बाईच कशावरून?" त्यांनी धाकटीला विचारलं. "ज्याला शिकवलंय असं कुणीही वाजवेल की."

"नाही ना, तीच तर गोम आहे." धाकटीने आपला डावा हात पुढे केला. "बाईंची ही करंगळी तरुणपणी दारात चेंगरली होती. दुमडलेलीच राहायची, सरळ व्हायचीच नाही. आम्ही करंगळी टेकवतो तिथे बाई अंगठीचं बोट घसरवून वर न्यायच्या. त्याने सुराला एक हेल यायचा. ऐकलं की डोळ्यात पाणी. पण शिष्याने तसं करायला घेतलं की पट्टी बसायची. म्हणायच्या, माझं वाजवणं शिका, माझं अधूपण शिकू नका. बाईंच्या हाताखालचा एक माणूस तसं वाजवत नाही, ताई. वाजवायला गेला तरी करंगळी आपोआप पडते."

"आणि वरून जे येतं त्यात तो हेल आहे?"

"मी स्वतः ऐकलाय," धाकटी म्हणाली, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला तो ताईंना दिसला.

३

भुतावर ताईंचा विश्वास नव्हता. नोकरीत त्यांनी इतकी मेलेली माणसं पाहिली होती की एकाला तरी परत यायचं असतं तर त्यांच्याकडेच आधी आलं असतं. पण दुपारी त्या रिकाम्या खोलीत एकट्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनाही बरं वाटेना. भिंतीवर पोरांची लहानलहान व्हायोलिनं टांगलेली होती. बाईंची पाठ टेकून टेकून भिंतीला एक तुळतुळीत ठिकाण झालं होतं. त्या ठिकाणी कुणी उभं असल्यासारखं ताईंना उगीच वाटत राहिलं.

त्या पेटीकडे वळल्या. पेटी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर होती. तिथेच सापडली होती. ताईंनी ती बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली, आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या.

तेवढ्यात भोपळा चेलो पाठीवर घेऊन आला.

"काय हो," ताईंनी विचारलं, "तुम्ही चेलो उघडा घेऊन हिंडता का?"

"उघडा? वेड लागलंय का? दाराला टेकला तरी माझा जीव जातो. वाद्य पेटीबाहेर रस्त्यावर नेणारा माणूस मी अजून बघितला नाही."

"मग चोराने पेटी का ठेवली?"

भोपळ्याने डोकं खाजवलं.

"किल्ली असलेला चोर दार सताड उघडेल आणि पेटीसकट उचलेल," ताई म्हणाल्या. "पेटी मागे ठेवणाऱ्याला पेटी काढता येत नव्हती. बाकी पुष्कळ काही येत होतं." त्यांनी कपाट बंद करून दुसऱ्याकडून घेतलेल्या किल्लीने कुलूप लावलं. "हे कपाट इथलं दिसत नाही."

"बाईंच्या घरचं. घर सोडलं तेव्हा आणलं. डावं दार कायम झुकलेलं. मी एकदा सुतार घेऊन आलो होतो, फुकटात. बाईंनी त्याला जिन्यातूनच परत पाठवला. म्हणाल्या, असू दे तसंच."

"का?"

"बाईंना का विचारायची सोय होती का?" मग भोपळ्याने आवाज उतरवला. "ताई, मी सगळ्यांना सांगत आलोय की वर्गात मी कधी काही ऐकलं नाही. खोटं होतं ते. एकदा संध्याकाळी विसरलेली छत्री न्यायला आलो, आणि आतून बाईंचा तो हेल आला. मी चेलो जिन्यात टाकून पळालो. उघडा नव्हता, पेटीत होता," त्याने घाईने सांगितलं.

ताईंनी झुकलेल्या दाराखाली तळहात घातला आणि दार अलगद वर उचललं. खालची झिजलेली बिजागरी खुंटीवरून सुटल्याचा बारीक आवाज झाला. कुलूप लागलेलंच राहिलं, पण दार त्या बाजूने पुढे आलं आणि खाली वीतभर फट पडली. ताईंचा हात त्यातून सहज गेला. भोपळ्याने आपला घालून बघितला. तो कोपराशीच अडकला आणि दोघांनी मिळून तो सोडवला.

फटीतून आतली पेटी उघडता येत होती, व्हायोलिन आडवं करून बाहेर काढता येत होतं. पेटी मात्र येत नव्हती. दार खाली सोडलं की सगळं जसंच्या तसं.

"म्हणजे दुसरा सुटला!" भोपळा ओरडला.

"सुटला, पण आपल्यासमोर. सचिवांना वाद्य दाखवल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत."

ताईंनी किल्लीने कपाट नीट उघडलं आणि त्या झुकलेल्या दाराची आतली बाजू पहिल्यांदाच उजेडात आणली. तिथे पेन्सिलीच्या रेघा होत्या. एकीवर एक, आडव्या, पुसट, सगळ्यांत वरची त्यांच्या खांद्याला लागेल एवढी. दाराला पाठ लावून कुणीतरी इथे वाढलं होतं.

बाईंच्या घरात एकच मूल वाढलं होतं.

४

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाली एका फ्रेमचा स्क्रू बसवत होती. तिने वर बघितलं आणि उठली.

"या ना ताई. सापडलं का काही?"

"माझंच काही सापडत नाहीये गं. पेपर वाचताना अक्षरं पळतात. नंबर बघतेस का?"

"आज? कार्यक्रमाच्या दिवशी?"

"संध्याकाळी मला सगळं नीट दिसायला हवं."

आतली खोली काळी होती. काळे पडदे, काळी भिंत, समोर पेटत्या चौकटीत अक्षरांचा तक्ता. दार लोटलं तसा रस्त्याचा आवाज गेला. ताई खुर्चीत बसल्या. चष्मेवालीने जड फ्रेम त्यांच्या नाकावर ठेवली.

"लहानपणी तुला बघायचे मी," ताई म्हणाल्या. "आम्ही शिकायला यायचो तेव्हा. तू आतल्या दाराआडून डोकवायचीस. तुला का नाही शिकवलं गं बाईंनी?"

"आई म्हणायची, घरच्याला शिकवलं की दोन्ही जातं, नातंही आणि सूरही." चष्मेवालीचा आवाज सरळ होता. "मला नव्हताच नाद. उजव्या डोळ्याने वाचा."

ताईंनी वाचलं. ती काचा बदलत होती. हात अगदी डोळ्यांसमोर येत होते, जात होते. मग तिने छोटी बॅटरी पेटवली, डाव्या हाताने ताईंची पापणी वर धरली आणि डोळ्यात उजेड टाकला. उजेड ताईंच्या गालावरून उलटून तिच्याच बोटांवर पडला.

अंगठ्याशेजारचं बोट, मधलं, अंगठीचं. तिन्हींच्या टोकांवर तिरपी, काळसर रेघ आणि कडक झालेली कातडी. करंगळी मात्र मऊ होती, लहान मुलीच्या करंगळीसारखी. ती तळव्याकडे दुमडलेली होती. दुमडून ठेवायचं काही कारण नसताना.

"आता दोन्ही डोळ्यांनी," चष्मेवाली म्हणाली. "काय दिसतंय?"

"तीन," ताई म्हणाल्या.

"तीन? अक्षरं आहेत ताई, आकडे नाहीत."

"मी तक्त्याकडे बघतच नाहीये, बाळा."

बॅटरी विझली.

५

 चष्मेवालीने तक्त्याखालचं लहान कपाट उघडलं. काचांच्या पेट्यांमागे, धुतलेल्या मऊ चादरीत गुंडाळलेलं, बाईंचं व्हायोलिन होतं. गज त्याच्या कुशीला होता.

"मला चोरायचं नव्हतं," ती म्हणाली. "आईच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडे आहे. रोज वाजवून ठेवायचे. काल ठेववेना. दार उचललं, हात आत घातला, आणि हात मागे आला. उद्या काचेत जाईल आणि मग कुणीच नाही वाजवणार. मी तर नाहीच."

"मंडळाला तूच हो म्हणालीस ना?"

"मग काय सांगू? मला वाजवायचंय? सगळं शहर तिचं शिष्य आहे. त्यांच्यासमोर मी काय म्हणून उभी राहू? मला धड हात धरताही येत नाही. तिची करंगळी सरळ होत नाही हेसुद्धा मला लहानपणी माहीत नव्हतं, ताई. मला वाटायचं वाजवताना करंगळी दुमडूनच धरतात. मी दाराच्या फटीतून बघायचे. ती बाहेर गेली की कपाटाचं दार उचलायचे आणि तसंच करायचे."

"आणि तो सूर तुटतो तो का?"

चष्मेवाली हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं.

"ती रोज तासाआधी तेच वाजवायची. स्वतःसाठी. तेवढा वेळ ती कुणाची बाई नव्हती, माझी आई होती, आणि मी दाराआड होते. चढत चढत त्या लांब सुरावर यायची, आणि बेल वाजायची. रोज. पहिला विद्यार्थी. मग ती गज खाली ठेवायची, आतलं दार लावायची आणि माझा दिवस संपायचा. पुढचं मी कार्यक्रमांत शंभरदा ऐकलंय. बोटांना नाही येत. बोटं बेलपाशीच थांबतात."

 नोकरीत कबुल्या त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण अशी ऐकली नव्हती.

"आणि दुसऱ्यावर आळ आला तेव्हा?"

"मी गप्प बसले." ती ओंजळीत तोंड धरून बसली. "सकाळी तो किल्ली दाखवत उभा होता आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. इतकी वाईट असेन असं मला वाटलं नव्हतं."

"वाईट झालं खरं. ते तुलाच निस्तरायला हवं, माझ्या हातून नाही." ताई उठल्या. "एक सांगते. भोपळ्याने त्या दाराला सुतार आणला होता, ठाऊक आहे? बाईंनी जिन्यातूनच परत पाठवला. असू दे तसंच, म्हणाल्या. वाद्याची पेटी रोज उघडणाऱ्या बाईंना, मधल्या काळात ती दुसऱ्या कुणी उघडली तर कळत नसेल? गज किती ताणलाय एवढ्यावरून आमच्या धाकटीला कळतं."

चष्मेवाली मान वर करून बघत राहिली.

"तिला माहीत होतं?"

"मला कान नाहीत, मी काही शपथेवर सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "पण दार तिने दुरुस्त केलं नाही."

६

सभागृह भरलं होतं. स्टेजवर चार खुर्च्या. पहिली रिकामी होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. लोक तिच्याकडे बघत आणि मग दुसरीकडे बघत. कुजबुज सगळीकडे पोचली होती, वाद्याचीही आणि वर्गातल्या सुरांचीही.

पडद्यामागे ताईंनी दुसऱ्याला आणि धाकटीला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती येईल की नाही मला माहीत नाही. तिच्यावर सोडलंय."

 दुसऱ्याचा चेहरा पडला.

"ताई, ती बेल मी वाजवायचो."

"काय?"

"रोजचा पहिला तास माझा. मी लवकर यायचो आणि दाराबाहेर उभा राहून ऐकायचो. बाई आमच्यापुढे असं कधी वाजवायच्या नाहीत. तो लांब सूर आला की मला राहवायचं नाही. वाटायचं, आत्ता आत जायलाच हवं. आणि मी बेल दाबायचो." तो आपल्या हाताकडे बघत होता. "आत एक दार होतं आणि त्याच्या मागे कुणीतरी होतं, हे मला कसं कळणार होतं?"

घंटा झाली. तिघं आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसले. सचिव माईकपाशी गेले. खिशातून चष्मा काढून ते म्हणाले, "सुरुवातीलाच, अत्यंत खेदाने..." आणि थांबले.

प्रेक्षकांमधून चष्मेवाली चालत येत होती. दोन्ही हातांत आईचं व्हायोलिन होतं, गजासकट, उघडं, भर सभागृहातून. ती स्टेजच्या पायऱ्या चढली.

"हे मी नेलं होतं," ती म्हणाली. माईक नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "किल्लीवाल्याने नाही. वर्गात संध्याकाळी वाजवायचे तीही मीच. कुणी घाबरलं असेल तर माफ करा."

शिवणवाली तिसऱ्या रांगेत होती. तिने तोंडावर हात धरला.

सचिव काहीतरी म्हणणार होते. पण ताई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि सचिवांनी पुन्हा एकदा वरचं बटण लावलं.

चष्मेवाली वाद्य खुर्चीवर ठेवायला वाकली. दुसऱ्याने खुर्चीवर हात आडवा धरला.

"बस," तो म्हणाला.

"मला पुढचं येत नाही."

"माहीत आहे. जेवढं येतं तेवढं वाजव."

ती बसली, खुर्चीच्या अगदी कडेवर. तिने गज उचलला. त्या रचनेची सुरुवात पहिलं व्हायोलिन एकटंच करतं, बाकीचे मागाहून येतात. ताईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्या माणसांकडे बघत होत्या. पहिल्याच सुराला भोपळ्याने डोळे मिटले. धाकटी रडायला लागली. कुणीतरी बाईंचं नाव घेतलं. करंगळी दुमडलेली होती, अंगठीचं बोट तारेवरून घसरत वर जात होतं, आणि त्या क्षणी त्या सभागृहात बाई नव्हत्या असं शपथेवर सांगायला ताईही तयार झाल्या नसत्या.

मग गज थांबला. बेल वाजायची ती जागा आली होती. चष्मेवाली वाद्य खांद्यावर धरून बसली होती, आणि सगळं सभागृह तुटलेल्या सुरापाशी श्वास धरून बसलं होतं.

दुसऱ्याने आपलं व्हायोलिन उचललं. त्याने स्वतःचा भाग वाजवला नाही. तिचा वाजवला, पुढचे चार सूर तेवढे, हळू, आणि गज खाली घेतला. तिच्याकडे बघितलं.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. वर्गात असंच असतं. एकजण वाजवून दाखवतो, समोरचा तेच वाजवतो. जन्मात तिला कुणी असं शिकवलं नव्हतं.

तिने चार सूर वाजवले. तिसऱ्यापाशी अंगठीचं बोट घसरायला निघालं, तेव्हा त्याने आपला डावा हात तिला दिसेल असा पुढे धरला आणि करंगळी तारेवर टेकवून दाखवली. बाईंसारखी पट्टी मारली नाही.

ताई पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या आणि डोळ्यांतलं पाणी पुसून पुसून बघत होत्या. स्टेजवरची ती मऊ, न वापरलेली करंगळी हळूहळू सरळ झाली, थरथरली, आणि तारेवर टेकली.

"आता पुढे," दुसरा म्हणाला.